श्रीमती क्ष यांच्या मृत्यूला जबाबदार कोण?

अँटिबायोटिक औषधे निकामी का होत चालली आहेत, या प्रश्नाला आरोग्याच्या शिबिरांत आणि प्रशिक्षणांत एक ठरलेले उत्तर मिळते: लोक डोस अर्धवट सोडतात म्हणून. हे ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, असे जरा खोदून विचारले की चित्र स्पष्ट होते. वस्तीतली, वाडीवरची, फारसे न शिकलेली बाई. मुलाला दोन दिवस औषध पाजते, ताप उतरला की बाटली फळीवर ठेवून देते. स्वतःसाठी आणलेल्या गोळ्यांतल्या चार खाते, उरलेल्या पुढच्या वेळेसाठी डब्यात. शिवाय अस्वच्छता. भाषण देणारे डॉक्टर सज्जन असतात, तळमळीने सांगत असतात. समोर बसलेल्या बायका माना डोलावतात, कारण दोष ऐकून घ्यायची त्यांना सवय असते.

माझे म्हणणे असे आहे की हे उत्तर अपुरे तर आहेच, पण सोयीचेही आहे. कोणाच्या सोयीचे, ते पाहण्यासाठी मी मुद्दाम एक अगदी साधे दुखणे निवडले आहे. गळू.

गळू, करट, काळपुळी, नखुरडे, पापणीवरची रांजणवाडी, बाळंतिणीच्या थानाला धरणारा पू. आपल्या भाषेत नावे वेगवेगळी, जंतू बहुतेक वेळा एकच. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो. साधारण तीन माणसांपैकी एकाच्या नाकात हा जंतू असतो आणि काही त्रास देत नाही. डॉक्टरांच्या नाकात असतो, मंत्र्यांच्याही असतो. कातडीला चीर पडली, खरचटले, सतत ओले राहून कातडी फुगली, की तो आत शिरतो आणि पू धरतो. बहुतेक वेळा गळू फुटते, निचरा होतो, माणूस बरा होतो. क्वचित जंतू रक्तात उतरतो, हाडात किंवा फुफ्फुसात जातो आणि मग जिवावर बेतते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ फक्त इस्पितळात भेटतो, अशी एके काळी समजूत होती. गेल्या तीसेक वर्षांत ती मोडली. तो आता घरांत, शाळांत, तुरुंगांत, वस्त्यांत आहे. इस्पितळाची पायरी न चढलेल्या माणसांना तो होतो.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला तो याच स्टॅफ जंतूच्या बशीत बुरशी पडली म्हणून. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात त्यांनी एक कल्पित प्रसंग सांगितला. श्रीयुत क्ष यांचा घसा दुखतो. ते स्वतःच पेनिसिलिन विकत आणतात आणि घेतात, पण पुरेसे घेत नाहीत. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. ते जंतू त्यांच्यापासून बायकोला लागतात. श्रीमती क्ष यांना न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन दिले जाते, लागू पडत नाही आणि त्या मरतात. त्यांच्या मृत्यूला जबाबदार कोण? फ्लेमिंग म्हणतात, श्रीयुत क्ष.

‘डोस पूर्ण करा’ या उपदेशासाठी ही गोष्ट हमखास वापरली जाते. मला तिच्यात वेगळेच दिसते. औषध आणणारा नवरा, घेणारा नवरा, मरणारी बायको. तिच्या हातात काहीच नव्हते. आणि ऐंशी वर्षांनंतर आमच्या प्रशिक्षणांत मात्र तीच बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी! दुसरे असे की या गोष्टीत औषध विकणारा दुकानदार दिसत नाही, बनवणारी कंपनी दिसत नाही, चुकीची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर तर नाहीच. पेनिसिलिन जणू झाडावरून पडले आणि श्रीयुत क्ष यांनी ते उचलले. (जाता जाता सांगायला हवे, घसा धरणारा जो जंतू त्या गोष्टीत आहे, तो आजही पेनिसिलिनला दबून आहे. सरावला तो स्टॅफ.)

तो कुठे सरावला, हे पाहण्यासारखे आहे. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात मेरी बार्बर या जंतुशास्त्रज्ञ बाईंनी नेटाने मोजदाद ठेवली. १९४८ पर्यंत तिथे रुग्णांत सापडणारे निम्म्याहून अधिक स्टॅफ पेनिसिलिनला जुमानत नव्हते. पुढे १९५० च्या दशकात सिडनीमध्ये फिलिस राउंट्री यांनी ८०/८१ या क्रमांकाने ओळखला जाणारा स्टॅफ शोधून काढला. तो बाळंतिणींच्या आणि नवजात बाळांच्या वॉर्डांतून फिरत होता. बाळाच्या अंगावर फोड येत. बाळ घरी गेले की दूध पाजणाऱ्या आईच्या थानाला गळू होई, आणि तिथून घरातल्या इतरांना. त्या बायकांपैकी कोणीही डोस अर्धवट सोडलेला नव्हता. त्या फक्त बाळंतपणासाठी इस्पितळात गेल्या होत्या. औषधांना सरावलेला जंतू इस्पितळातून समाजात आला तो आईच्या छातीशी धरलेल्या बाळाबरोबर, हे वाचले तेव्हा मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले.

१९५९ साली मेथिसिलिन हे नवे औषध आले. दोनच वर्षांत, १९६१ मध्ये, इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही न जुमानणारा स्टॅफ नोंदवला. तोच एमआरएसए. (बार्बर, राउंट्री, जेव्हन्स, तिघी बायका. शाळेच्या पुस्तकात फ्लेमिंग एकटेच असतात.) पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे जंतूची भिंत बांधणाऱ्या एका प्रथिनाला चिकटतात आणि बांधकाम बंद पाडतात. एमआरएसए त्या जागी वेगळेच प्रथिन वापरतो. म्हणून अमॉक्सिसिलिन, क्लॉक्सासिलिन, सेफॅलेक्सिन असे जवळजवळ सगळे घराणेच त्याच्यापुढे एकदम बाद होते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दुर्गम किंबर्ली भागातल्या आदिवासी वस्त्यांत असा स्टॅफ आढळू लागला. १९९९ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या राज्यांतल्या चार मुलांच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. सात वर्षांची एक काळी मुलगी, सोळा महिन्यांची एक मूळनिवासी मुलगी, तेरा वर्षांची एक गोरी मुलगी आणि एक वर्षाचा एक गोरा मुलगा. इस्पितळाशी आधी संबंध नसताना त्यांना हा जंतू लागला होता. डॉक्टरांनी सुरुवातीला दिलेले औषध त्याच्यावर चालणारे नव्हते. डोस कोणी चुकवला नव्हता, जंतू ओळखायला उशीर झाला होता.

याच केंद्राने पुढे असा जंतू कुठे पसरतो याची पाच कारणे सांगितली. दाटीवाटी, अंगाला अंग लागणे, कातडीला जखम, एकमेकांच्या वस्तू वापरणे आणि स्वच्छतेच्या सोयींचा अभाव. आपल्या वस्तीतले दहा बाय बाराचे घर आठवा. सहा माणसे, दोन पांघरुणे, दोरीवर एक पंचा, दिवसाआड अर्धा तास येणारे पाणी. पाचांपैकी कोणती गोष्ट त्या घरातल्या बाईच्या हातात आहे? पाचवी, म्हणाल. पण अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात धुवायला सांगणाऱ्याने आधी हंड्यांचा हिशेब करावा, आणि तो हंडा कोणाच्या कमरेवर येतो हेही पाहावे.

अमेरिकेतल्या तुरुंगांत २००० सालानंतर या गळवांची साथ पसरली. तिथल्या अहवालांत लिहिले आहे की डॉक्टरला दाखवायचे तर काही तुरुंगांत कैद्याला फी भरावी लागे, मलमपट्टीचे सामान पुरेसे नसे, म्हणून कैदी नखांनी, चिमट्यांनी स्वतःचे आणि एकमेकांचे गळू फोडत. त्याच सुमाराला, २००३ मध्ये, सेंट लुई रॅम्स या श्रीमंत व्यावसायिक फुटबॉल संघातल्या पाच खेळाडूंनाही हीच गळवे झाली. हिरवळीवर घसरून कातडी सोलवटलेली, आणि मैदानाच्या कडेला एकच टॉवेल तिघे-तिघे वापरत होते. त्या खेळाडूंना कोणी अडाणी म्हटले नाही, घाणेरडे म्हटले नाही. संशोधक आले, तपासण्या झाल्या, टॉवेल वेगळे झाले, मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापून आला. व्हायलाच हवा होता. माझा प्रश्न एवढाच की एकच पंचा वापरणारे सहाजणांचे कुटुंब आणि एकच टॉवेल वापरणारे खेळाडू यांच्याकडे पाहण्याची आपली नजर दोन प्रकारची का?

आता आपल्याकडचे. मुंबईत सापडलेल्या एमआरएसएच्या जातींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, त्यात एसटी-७७२ नावाची जात ठळकपणे दिसली. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी तिला ‘बंगालचा उपसागर’ असे नाव दिले आहे. (रोगांना आमच्या समुद्रांची आणि शहरांची नावे देण्याची त्यांना भारी हौस.) २०१९ साली तिच्या जनुकांची वंशावळ मांडली गेली. ही जात भारतीय उपखंडात १९६० च्या दशकात उगम पावली आणि अनेक औषधांना एकदम तोंड देण्याचे गुण तिने १९९० च्या दशकात कमावले, असे त्यातून निघाले. हे तेच दशक, जेव्हा नाक्यानाक्यावर मेडिकल उघडले आणि कालपर्यंत इस्पितळात मिळणाऱ्या गोळ्या सुट्ट्या मिळू लागल्या. निव्वळ योगायोग म्हणून मी ते सोडून द्यायला तयार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जाळ्यातल्या इस्पितळांत तपासलेल्या स्टॅफपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एमआरएसए निघाल्याचे २०२१ च्या अहवालात आहे. हे आकडे मोठ्या इस्पितळांतले. वाडीवर ज्यांचे गळू घरीच फुटते त्यांचा पू कोणी तपासतच नाही, मग ते आकड्यात येणार कसे?

बाईच्या बाबतीत हे दुखणे कसे चालते ते आपल्या सगळ्याजणींना माहीत आहे, तरी कागदावर यायला हवे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे हात दिवसभर साबणाच्या पाण्यात. नखाच्या कडेला नखुरडे होते. रात्रभर ठणकते. सकाळी ती चिंधी बांधून कामावर जाते, कारण खाडा केला तर पैसे कापले जातात. मालकीणबाईंना चिंधी दिसली की ‘बरे होईपर्यंत येऊ नकोस’, म्हणजे पुन्हा पैसे गेलेच. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण बोट सुजले म्हणून भरपगारी सुट्टी मिळालेली बाई मला अजून भेटलेली नाही. ऊसतोडीला गेलेल्या बाईचे हात पाचटाने कापलेले, कचरा वेचणारीचे काचेने. काखेत, जांघेत, ढुंगणावर गळू झाले तर ती ते दाखवतच नाही. तालुक्याला पुरुष डॉक्टर, सोबत सासू किंवा नवरा. अंगावर काढते. बिब्बा, हळद, कणकेचे पोटीस. मेडिकलमध्ये नवऱ्याला पाठवते, तो दोन दिवसांच्या गोळ्या आणतो, कारण खिशात तेवढेच असतात. काहीजणी कॅप्सूल फोडून तिची पूड जखमेवर भुरभुरतात. गोळ्या संपतात, गळू थोडे बसते, पुन्हा उठते. आता याला ‘डोस अर्धवट सोडला’ म्हणायचे की ‘उपचार अर्धवट मिळाला’?

थानाच्या गळवाबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण त्यात औषधाबरोबर दोषाचाही डोस मिळतो. दूध साकळते, गाठ होते, निप्पलच्या चिरेतून स्टॅफ शिरतो, ताप भरतो. घरात म्हणतात, हिला पाजताच येत नाही. नाहीतर, दूध नासले, पाजणे बंद कर. खरे तर दूध आत तुंबून राहिले तर दुखणे वाढते. बाळाला पाजत राहावे, फार दुखत असेल तर हाताने पिळून काढावे, असेच जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली सांगितले आहे. आणि पू धरला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. हे कोणत्याही गळवाला लागू आहे. मुख्य उपचार म्हणजे चीर देऊन किंवा सुईने निचरा करणे. अँटिबायोटिक त्याच्या जोडीला. पण चीर द्यायला वेळ लागतो, स्वच्छ जागा लागते, भूल लागते, दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला माणूस लागते. गोळी लिहायला अर्धे मिनिट पुरते.

आणि कोणती गोळी? गळवावर सर्रास अमॉक्सिसिलिन लिहिले जाते. बहुतेक स्टॅफ त्याला फार पूर्वीपासून जुमानत नाहीत. अँपिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन अर्धे-अर्धे घातलेली जोडकॅप्सूल आपल्याकडे वर्षानुवर्षे खपत आली. त्यातले अँपिसिलिन स्टॅफवर बहुधा फुकट, आणि क्लॉक्सासिलिन पडते मोठ्या माणसाच्या मात्रेच्या निम्मे. म्हणजे बाईने शेवटची कॅप्सूल निष्ठेने गिळली तरी डोस अर्धवटच, कारण तो कारखान्यातूनच अर्धवट निघाला आहे! मलमांची कथा याहून वाईट. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध एकत्र कालवलेल्या ट्यूबा खाजेवर, पुळ्यांवर, अगदी चेहरा उजळायलाही वापरल्या गेल्या. स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने केला तो २०१८ मध्ये. काही अँटिबायोटिक औषधांसाठी शेड्यूल एच-१ आले, दुकानदाराने वेगळी वही ठेवायची, हा नियम २०१४ पासूनचा. अयोग्य जोडऔषधांवर २०१६ आणि २०१८ साली बंदी आली, कंपन्या लगोलग कोर्टात गेल्या. या सगळ्यात वस्तीतली बाई कुठे होती, ते मला कोणी दाखवून द्यावे.

ज्या पापाबद्दल तिला बोल लावला जातो, त्याचाच शास्त्रीय पाया किती कच्चा आहे तेही पाहा. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जंतुरोगांच्या तज्ज्ञांनी लिहिले की ठरावीक दिवसांचा कोर्स पुरा केला नाही तर जंतू सरावतात, या शिकवणीला भक्कम पुरावा नाही. गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेण्यानेच अंगावरच्या इतर निरुपद्रवी जंतूंना सरावायला संधी मिळते. क्षयाची गोष्ट वेगळी, तिथे गोळ्या मध्येच सोडणे खरोखर घातक आहे, हे कार्यकर्त्यांनी विसरू नये. इतर वेळीही डॉक्टरांना न विचारता औषध बंद करा असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणते की ज्या बाबतीत तज्ज्ञांचेच एकमत नाही, त्या बाबतीत बाईला गुन्हेगार ठरवण्याची घाई कशाला?

आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, हिंसा, रेशन, रोजगार हे प्रश्न समोर असताना गळवाचे काय घेऊन बसलीस. मला तसे वाटत नाही. औषधांचे राजकारण आपल्या चळवळीला नवे नाही. जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन औषधांविरुद्ध १९८० च्या दशकात आपण लढलो, नेट-एन इंजेक्शनच्या प्रश्नावर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेलो. तेव्हा आपण ‘बायकांना शिकवा’ म्हटले नव्हते, ‘औषध कोण विकते आहे ते दाखवा’ म्हटले होते. दुसऱ्या टोकाला, सगळी अँटिबायोटिक्सच नकोत, पाला-पोटीस पुरे, असे म्हणणाऱ्या मैत्रिणीही आहेत. शेक द्यायला हरकत नाही, त्याने गळू पिकते. पण ताप आला, लाली पसरत चालली, गळू चेहऱ्यावर असले किंवा बाळाला झाले, तर पोटीस लावत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गळू पिळू नये, झाकून ठेवावे, पंचा वेगळा ठेवावा. हे घरच्या पुरुषांनाही सांगावे. श्रीयुत क्ष यांनाही हात आहेत, ते स्वतःचा पंचा धुऊ शकतात.

आमच्या गटाने ठरवले आहे की रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत चार प्रश्न लेखी द्यायचे. ग्रामीण रुग्णालयात गळवाला चीर देण्याची सोय आठवड्यातून किती दिवस असते, आणि बाई डॉक्टर किंवा निदान सिस्टर त्या वेळी हजर असते का? पुवाची तपासणी इथे होते की जिल्ह्याला पाठवतात, अहवाल किती दिवसांनी येतो, आणि तो बाईच्या हातात देतात का? पट्टी बदलण्याचे सामान बाहेरून का आणायला लावतात? तालुक्यातल्या मेडिकलच्या एच-१ च्या वह्या गेल्या वर्षात औषध निरीक्षकांनी कितीदा पाहिल्या? उत्तर म्हणून आशाताईंवर गळू मोजण्याचे आणखी एक बिनपैशाचे काम टाकले जाईल, अशी भीती आम्हाला वाटते. म्हणून पाचवा प्रश्नही जोडला आहे: हे काम कोण करणार आणि त्याचे मानधन किती?